काटाभाऊचं टोमॅटो सूप

काटाभाऊ हे त्याचं खरं नाव नव्हे. बाजारात मटणाची सहा दुकानं, सहाही ठिकाणी तराजू, पण काटा म्हणजे हाच. कारण हा तराजूचा काटा थरथरायचा थांबेपर्यंत पुडीला हात लावत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो बास की, झालं." हा म्हणायचा, "थांब. त्याला बसू दे." मेंढीचं असेल तर मेंढीचं म्हणून सांगणार, बकऱ्याचं असेल तर बकऱ्याचं. कालचं उरलं असेल तर तोंडावर सांगणार, "हे कालचं आहे, नेऊ नको, उद्या सकाळी ये." हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणारा खाटीक तुम्ही पाहिलाय का? हा होता.

"तू एक दिवस आमचा सगळ्यांचा धंदा बसवणार," शेजारच्या ओट्यावर मासे विकणारी आक्का म्हणायची. "लोक आता मलाही विचारतात, मासा कालचा का आजचा. पूर्वी कोण विचारत होतं?"

"मग खरं सांग."

"सांगते की. आजचाच आहे म्हणते."

बेताची उंची, जाडजूड मनगटं, डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच. उरलेलं अर्धं कामाच्या पहिल्याच वर्षी सत्तुराखाली गेलेलं. दुकानाच्या मागे दोन खोल्या. तिथे तो, त्याची बायको आणि एकुलती एक पोरगी. पोरगी लहानपणी अंगानं काडी आणि घरभर सारखी काहीतरी ओढून नेणारी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. शाळा सुटली की मुंगी दुकानात यायची, कागद कापून द्यायची, पुड्यांना दोरा बांधायची. मांस, हाडं, रक्त ह्याची तिला ना भीती ना किळस. जन्मल्यापासून डोळ्यांसमोर तेच.

नऊ वर्षांची असताना एका दुपारी दुकान रिकामं होतं. मुंगीनं खेळता खेळता आपला हात तराजूच्या पारड्यात ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत, सैल सोडून. काटा हलला, थरथरला, बसला.

"पप्पा, नऊशे ग्रॅम."

तो हसला. "हाडासकट?"

तीही हसली. पण हात काढला नाही. बराच वेळ काट्याकडे बघत राहिली. मग शेजारी ओंडक्यावर पडलेल्या बकऱ्याच्या पुढच्या पायाकडे बघितलं, परत आपल्या हाताकडे बघितलं. तेवढंच. त्या दिवसापासून तिनं मांस तोंडात घातलं नाही. रडारड नाही, भाषण नाही. ताट पुढे आलं की वाटी बाजूला सारायची आणि कोरडी भाकरी चावत बसायची.

आई भडकली. "खाटकाची पोर आणि पालेभाजी! बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही ही."

"हसू दे लोकांना," काटाभाऊ म्हणाला. "तिचं तोंड, तिचं पोट."

नुसतं म्हणून थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मुंगीसाठी वेगळं पातेलं आणलं, झाकणासकट. हिरव्या मुठीची वेगळी सुरी आणली. तिची भाजी चिरायची तर आधी कोपरापर्यंत साबण, मग लिंबू, मग परत साबण. बाजारातले टवाळ विचारायचे, "काय काटाभाऊ, पोरगी बकऱ्याच्या पार्टीत गेली म्हणे?" हा छाती काढून सांगायचा, "गेली. आणि तिचा निर्णय माझ्यासारखाच पक्का असतो." मांस खाणारे आणि न खाणारे एकमेकांच्या उरावर बसतात, ते सगळे दुरून बोलणारे. इथे दोन खोल्यांत, एकाच चुलीवर, दोन्ही तीन वर्षं सुखानं शिजत होतं.

मुंगी बारा वर्षांची झाली आणि पांढरी पडायला लागली. जिना चढताना मध्येच बसायची. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. डॉक्टरनं रक्त तपासलं आणि कागद पुढे सरकवला. लोह कमी. गोळ्या दिल्या. गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की ती भडाभडा ओकायची. परत डॉक्टरकडे. त्याच्या दारात पन्नास पेशंट, त्यानं मान वर न करता म्हटलं, "खाटीक ना तुम्ही? मग घरात औषध असून पोरगी आजारी कशी? थोडं मटण घाला पोटात."

डॉक्टरचं ते वाक्य काटाभाऊच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. घरात औषध असून. त्या संध्याकाळी पोरगी झोपाळल्या डोळ्यांनी अभ्यासाला बसली होती आणि नवरा-बायको दुकानात बोलत होते.

"तिला विचार," बायको म्हणाली.

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग नाही म्हणू दे."

"आणि मरू दे?"

पोरीनं मांस सोडलं तेव्हा बायकोनं आरडाओरडा केला होता, पण विचारल्याशिवाय द्यायला तीच तयार नव्हती. आणि ज्यानं पोरीची बाजू घेतली होती, त्यानंच हे ठरवलं.

दुपारी दुकान बंद असायचं, मुंगी शाळेत. त्या दोन तासांत तो मोठ्या कुकरमध्ये नळ्या आणि गुडघ्याची हाडं शिजवायचा. पाणी गाळायचा, एकदा नाही, चार पदरी फडक्यातून चारदा. वर बर्फाचा खडा फिरवायचा, म्हणजे चरबी थिजून खड्याला चिकटते आणि उचलता येते. तवंगाचा एक ठिपका राहू द्यायचा नाही. मग त्यात टोमॅटो, गाजर, मिरपूड, आणि वास मारायला थोडी दालचिनी. एवढी कलाकुसर त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती. आणि शेवटी ते सगळं ओतायचा मुंगीच्या पातेल्यात. तिच्या वेगळ्या, झाकणाच्या, तीन वर्षं जपलेल्या पातेल्यात.

संध्याकाळी तिच्यासमोर वाफाळती वाटी यायची.

"पप्पा, तुमच्या हातचं टोमॅटो सूप म्हणजे एक नंबर. हॉटेलवाल्याला पण जमणार नाही."

"गरम आहे तोवर पी," तो म्हणायचा. नेहमी एवढंच. आणि ती वाटी बोटानं पुसून चाटायची.

आठ महिने. पोरीच्या गालावर रंग आला. काटाभाऊ मनातल्या मनात फुलायचा. उरलेलं सूप मात्र तो फ्रीजमध्ये कधी ठेवत नसे, मोरीत ओतून द्यायचा. का, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

थंडीचे दिवस होते. मुंगीच्या वर्गात तिची एक मैत्रीण होती. त्या मैत्रिणीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी मांस शिवलेलं नव्हतं. ती आजारातून उठली होती, तोंडाला चव नव्हती. मुंगीनं आदल्या संध्याकाळी आपल्या वाटणीचं अर्धं सूप गुपचूप डब्यात भरून ठेवलं. आमच्या पप्पांचं सूप पिऊन बघ, लगेच बरी होशील! मधल्या सुट्टीत डबा उघडला. मैत्रिणीनं चमचा बुडवला आणि हसली. "अगं, सूप म्हणालीस ना? ही तर जेली आहे. गोड आहे का?" असं म्हणत चमचा तोंडात घातलाही.

मुंगीनं डबा हिसकावला आणि हलवला. लाल चकती थरथरली. ती खाटकाची पोर होती. काय थंड झाल्यावर पाण्यासारखं राहतं आणि हाडांचं पाणी कसं गोठतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती शाळेतून थेट दुकानात आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं. तिनं डबा तराजूच्या पारड्यात उपडा केला. सूप डब्याच्या आकाराचंच तिथे उभं राहिलं.

"पप्पा, हे काय आहे?"

"मुंगे, आत चल, आपण—"

"काटा बसलाय पप्पा. सांगा."

दोन्ही गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत होती. ह्या ओट्यावरून तो मांसाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता.

"नळी," तो म्हणाला.

"बकऱ्याची?"

"बकऱ्याची."

"कालची का आजची?"

"कालची." तो ओट्यावरून तिच्याकडे वाकला. "बाळा, तुझं रक्त..."

"सगळ्या गावाला खरं सांगता. परक्या माणसाला सांगता, नेऊ नको म्हणून. आणि मला..." तिनं रिकामा डबा ओट्यावर आपटला. "मी तिला दिलं, पप्पा. माझ्या हातानं. ती नको म्हणणाऱ्या घरची आहे आणि मी तिला चमचा दिला."

ती आत गेली, आपलं पातेलं उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "हे आता तुमचं."

त्या दिवसापासून मुंगी त्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाही. स्वतःचं शिजवायला लागली. करपलेलं खायची, कच्चं खायची, पण आपलं. गोळ्या जेवणानंतर घ्यायला लागली, त्या पोटात टिकल्या. पुढे शिकून रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली आणि एकदा येऊन कोरड्या आवाजात सांगून गेली, "हाडांच्या पाण्यात लोह जवळजवळ नसतंच. गोळ्यांनी भरलं माझं रक्त. ओकून का होईना, मी घेत होते ना." म्हणजे त्या आठ महिन्यांचा औषध म्हणूनही उपयोग नव्हता. काटाभाऊ तिथेच ओंडक्यापाशी उभा राहिला. हातातली सुरी त्याला ठेवावीशी वाटेना आणि धरवेना.

त्याआधीच, अठराव्या वर्षी, तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी आईला भेटायला यायची, येताना आपली पाण्याची बाटली घेऊन. बापाशी बोलणं दोन वाक्यांचं. "बरे आहात?" "बरा आहे." अशी सहा वर्षं गेली. ते पातेलं काटाभाऊनं कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. आणि रविवारी दुपारी, बायको डुलकी काढत असताना, तो भाजीच्या पाण्यात टोमॅटो शिजवून बघायचा. हाडांशिवाय दाटपणा कसा आणायचा? बटाटा घालून बघितला, भोपळा घालून बघितला. शेवटी शिजलेली मसूर डाळ वाटून घातली की जमतं हे त्याला सापडलं. सांगणार कुणाला?

मग नगरपालिकेनं ठराव आणला, मटण-मासळी बाजार वस्तीतून उठवून हद्दीबाहेर न्यायचा. लोकांचं ऐकून घ्यायला वाचनालयाच्या सभागृहात सभा ठेवली. एका बाजूला बाजारवाले, दुसऱ्या बाजूला मांसाहाराविरुद्ध काम करणारा गट. त्या गटाचा पुढारी एक जाकीटवाला, बोलण्यात फाडफाड. आणि गटाच्या तिसऱ्या रांगेत मुंगी.

बाजारवाल्यांनी मोठा फलक करून आणला होता. माझ्या ताटात काय, हे मीच ठरवणार! आमच्यातर्फे काटाभाऊ बोलेल, असं सगळ्यांनी ठरवलं. प्रामाणिक माणूस, नाव आहे, शब्दाला वजन आहे. "तू फक्त फलकावरचं वाक्य म्हण आणि त्यावर दोन शब्द बोल," पलीकडच्या खाटकानं बजावलं.

जाकीटवाल्यानं सुरुवात जोरात केली. मुकी जनावरं, तुमचे रक्ताळलेले हात, वगैरे. आक्का उभी राहिली.

"अरे ए जाकीट! दर मंगळवारी माझ्याकडून माशांच्या मुंड्या कोण नेतं रे? सांगू का सगळ्यांना?"

"त्या मांजरीसाठी असतात!" तो ओरडला.

"मग मांजरीला दे की पालकाची जुडी! तिला नाही शिकवलंस?"

सभागृह हसून कोसळलं. मुंगीसुद्धा खाली मान घालून हसली. काटाभाऊनं ते बघितलं. कित्येक वर्षांनी त्यानं तिला हसताना बघितलं. तेवढ्यात त्याच्या हातात माईक आला.

तो उभा राहिला. मागे फलक, समोर तिसरी रांग.

"मी इतकी वर्षं धंदा करतो," तो म्हणाला. "बकरं कापल्याची मला लाज वाटत नाही. उद्याही कापीन. ज्याला खायचंय त्यानं खावं, नको त्यानं खाऊ नये. माझ्या ताटात काय, हे..."

थांबला. पलीकडचा खाटीक मागून कुजबुजला, "मीच ठरवणार. म्हण."

"हे वाक्य माझ्या तोंडून नाही यायचं," काटाभाऊ म्हणाला. "वाक्य बरोबर आहे. माझं तोंड चुकीचं आहे. माझी पोरगी बारा वर्षांची असताना तिच्या वाटीत काय, हे मी ठरवलं. तिला नको होतं. तीन वर्षं वाटी बाजूला सारून तिनं मला साफ सांगितलं होतं. मी टोमॅटोच्या सुपाखाली हाडांचं पाणी लपवलं. आठ महिने. तिच्यासाठी केलं असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि भीतीपोटी मी तिला फसवलं."

बाजारवाल्यांच्या बाजूला शिव्यांची कुजबुज सुरू झाली. जाकीटवाला उडी मारून उठला. "ऐकलंत? ऐकलंत ना? हे लोक स्वतःच्या लेकरांनाही सोडत नाहीत! ती मुलगी आज आमच्यात आहे! ये, पुढे ये, सांग लोकांना तुझ्यावर काय बेतलं ते!" त्यानं टाळ्या वाजवल्या, गट टाळ्या वाजवू लागला.

मुंगी उठली. माईक तिच्यापर्यंत आला. तिनं बापाकडे बघितलं नाही.

"ते आमच्या घरातलं आहे," ती म्हणाली. "तुमच्या कामाचं नाही." आणि दारातून निघून गेली.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला, जसे सगळे ठराव जातात. बाजारात मात्र काटाभाऊशी कुणी धड बोलेना. पलीकडच्या खाटकानं येता-जाता पाठ फिरवली. आक्का तेवढी म्हणाली, "मेल्या, खरं बोलायला तुला हाच दिवस सापडला होय?" आणि मग डोळे पुसत माशांवर पाणी शिंपडत बसली.

तीन दिवसांनी, दुपारी, दुकान बंद असताना मुंगी आली. आई तिच्या बहिणीकडे गेली होती. मुंगी ते माहीत असूनच आली होती, कारण विचारलं नाही की आई कुठे. हातात पाण्याची बाटली नव्हती. काटाभाऊला पहिल्यांदा तेच दिसलं.

"बसा... बस," त्याची जीभ अडखळली.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "सूप करता?"

त्यानं फळीवरून पातेलं काढलं. कागद पिवळा पडून चिकटला होता. कोपरापर्यंत साबण लावला, लिंबू लावलं, परत साबण. हिरव्या मुठीची सुरी काढली. प्रत्येक गोष्ट पातेल्यात टाकण्याआधी तिच्यासमोर धरली. टोमॅटो, गाजर, मसूर डाळ. "ही दाटपणासाठी," त्यानं सांगितलं. "रविवारी करून बघितलंय. जमतं." नळ तिच्यासमोर सोडून पाणी घेतलं. दुकानाकडचं मधलं दार आपण होऊन बंद केलं. ती बघत होती. शिजताना वास सुटला तेव्हा तिचे डोळे भरले, तिनं ते खांद्याला पुसले.

त्यानं वाटी भरली. वाफ निघत होती. वाटी तिच्यासमोर ठेवली आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "गरम आहे तोवर पी."

मुंगीनं वाटी दोन्ही हातांत घेतली. ओठांपर्यंत नेली आणि थांबली. हात खाली आले. वाटी टेबलावर परत ठेवताना तिचा चेहरा असा झाला की जणू चोरी करताना तीच पकडली गेली.

"पप्पा," ती हळू म्हणाली, "थोडं थंड होऊ दे ना."

त्याला कळलं. ताबडतोब कळलं.

"होऊ दे," तो म्हणाला. "मला घाई नाही."

दोघं बसून राहिले. बाहेर आक्का कुणाशी तरी भांडत होती. वाफ कमी झाली, मग संपली. सुपावर पातळ साय धरली. मुंगीनं बोटानं वाटीला हात लावून बघितलं, अजून कोमट होती. परत बसली. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही, वाटीकडेच बघत होते. तराजूपुढे गिऱ्हाईक बघतं तसे.

मग तिनं वाटी हळूच तिरकी केली. सूप काठापर्यंत वाहत आलं. दाट, पण गोठलेलं नाही. दुसऱ्या बाजूला तिरकी केली. वाहिलं.

"पप्पा, मी मुद्दाम नाही..."

"माहीत आहे मला."

"माझ्या हातात नाही ते."

"माहीत आहे, मुंगे."

तिनं ते थंडगार सूप प्यायला सुरुवात केली. अर्धं प्यायली. मग पुढे जाईना. तिनं वाटी खाली ठेवली, त्याच्या अर्ध्या नखाच्या अंगठ्यावर क्षणभर आपला हात ठेवला. "चांगलं झालंय," म्हणाली. "बसची वेळ झाली." आणि तोंडावर ओढणी दाबून गेली.

काटाभाऊ दारात उभा राहून ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होता. आत आला. अर्धी वाटी तशीच होती. लहानपणी ती बोटानं पुसून चाटायची. त्यानं वाटी उचलली, मोरीपाशी नेली. ओतणार तेवढ्यात थांबला.

आणि मग, स्वतःच्या हातानं, तिच्या डोळ्यांसमोर शिजवलेलं ते सूप त्यानं उजेडाकडे धरून एकदा डावीकडे तिरकं केलं, एकदा उजवीकडे, आणि ते वाहतंय का बघितलं.